तापीचं खोरं: पाण्याचं बोलण्याआधी खालची जमीन बघूया

तापीकाठ

नमस्कार मंडळी. जेसीबीने नाले रुंद-खोल केले की विहिरींना पाणी वाढतं की नाही, यावर नाला खोलीकरणाच्या धाग्यावर मागच्या आठवड्यात बरीच वादावादी झाली. वाचताना लक्षात आलं की एक जण शिरपूर तालुक्यातल्या गाळाच्या जमिनीबद्दल बोलतोय, दुसरा साक्रीच्या खडकाबद्दल, आणि दोघंही आपापल्या शिवारापुरते खरे आहेत. खानदेशात पाणी सगळीकडे सारखं साठत नाही, म्हणून हा वेगळा धागा. आधी जमीन समजून घेऊ, उपायांवर नंतर येऊ.

सातपुड्यापासून दक्षिणेकडे मनातल्या मनात एक रेघ मारा. रावेर-यावलच्या वरच्या अंगाला डोंगर संपतो आणि एकदम सपाटी लागते. सुकी, मोर, गूळ, अनेर या नद्या डोंगरातून उड्या घेत येतात. उतार मोडला की पाण्याचा जोर ओसरतो. मोठे धोंडे तिथेच पडतात, पुढे गोटे, मग जाड वाळू. बारीक गाळ तेवढा तापीपर्यंत पोहोचतो. हजारो वर्षं हेच चालत आलंय, आणि पायथ्याचा दगडगोट्यांचा अख्खा पट्टा या नद्यांनीच रचलाय. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. पावसाळ्यात डोंगराच्या तोंडाशी नदी जोरात असते आणि काही किलोमीटर खाली आलं की पात्रात नुसता ओलावा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मधलं पाणी गोट्यांतून खाली उतरलेलं असतं.

त्याच्या खालचा पट्टा गाळाचा, थेट तापीपर्यंत. वर काळी माती, खाली पिवळट माती, त्यात चुनखडीचे खडे, मग वाळूचा थर, पुन्हा माती, पुन्हा वाळू. कित्येक ठिकाणी शंभर मीटर खाली गेलं तरी खडक लागत नाही. तापी ओलांडून दक्षिणेला गेलं की नदीकाठचा गाळ सोडला तर सातमाळा-अजिंठ्याच्या रांगांपर्यंत काळा पाषाण. साक्री, धुळे, पारोळा, चाळीसगाव यांचा बराच भाग त्यात येतो.

या तीन जमिनींचे तीन स्वभाव आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीला लावला की पैसा पाण्यात जातो. ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी आपापल्या विहिरीत काय दिसतं ते जरूर लिहा.

केळीबाग_रावेर

दादा, फार गरजेचा धागा काढलात. आमच्या आजोबांच्या विहिरीवर मोट चालायची. ती विहीर अजून आहे, बांधीव, घडीव दगडाची, पण कितीतरी वर्षांत तिच्यात पाणी बघितलेलं नाही. वडिलांनी तिच्यातच बोअर घेतलं, नंतर आम्ही ट्यूबवेल घेतली. दर काही वर्षांनी पाइप वाढवायचे, मोटर जास्त एचपीची घ्यायची, हेच चाललंय. आमच्या भागात आता घरटी ठिबक आहे. मग पाणी खालीच का जातंय? पाऊस तर जळगाव जिल्ह्यात ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतोच.

खडक_वाचक

मी भूशास्त्र शिकवतो, म्हणून आकड्यांत सांगतो.

जमिनीत पाणी भरलेलं असलं तरी ते सगळं विहिरीत येत नाही, काही मातीला चिकटून राहतं. विहिरीला मिळतं त्याला विशिष्ट उत्पादकता म्हणतात. भूजलाच्या अंदाजासाठी देशभर जे निकष वापरतात, त्यांत झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसाल्टला (आपल्याकडचा काळा खडक) साधारण २ टक्के धरतात आणि वाळूच्या गाळाला १६ टक्के. चिकणमाती जास्त असली तर गाळाचाही आकडा ६ टक्क्यांपर्यंत उतरतो.

आता एक हेक्टर शेत घ्या. पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली म्हणजे १०,००० घनमीटर जमीन कोरडी झाली. खडकात त्यातून २०० घनमीटर पाणी मिळालं, म्हणजे २ लाख लिटर. वाळूच्या गाळात १६ लाख लिटर. हाच हिशोब उलटा करा. खडकात नुसतं २० मिलिमीटर पाणी मुरलं की पातळी एक मीटर वर येते, वाळूच्या गाळात तेवढ्यासाठी १६० मिलिमीटर मुरायला हवं. खडक म्हणजे तांब्या, लगेच भरतो आणि लगेच रिकामा होतो. गाळ म्हणजे रांजण. केळीबाग भाऊ, तुमचा रांजण पिढ्यानपिढ्या भरलेला होता, म्हणून उपसा वाढल्याचं बरीच वर्षं जाणवलंच नाही. आता जाणवतंय, पण एका चांगल्या पावसाळ्याने तो भरणार नाही. रावेर आणि यावल हे दोन्ही तालुके भूजलाच्या पाहण्यांमध्ये वर्षानुवर्षं अतिशोषित, म्हणजे भरण्यापेक्षा उपसा जास्त, म्हणून नोंदले जातायत.

तापीकाठ

ठिबकबद्दल माझं स्पष्ट मत: ठिबक उत्तम, एका झाडामागे पाणी वाचतं यात वाद नाही. पण वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं कुठे? ज्या मोटरवर पाच एकर भिजायचं तिच्यावर आठ एकर केळी झाली. पूर्वी पाटाने दिलेल्या पाण्यातलं काही मुरून परत खाली जायचं, तेही थांबलं. केळी बारमाही, ती मे महिन्यातही प्यायला मागते. ठिबकने पीक वाचवलं, पण रांजणात भर घालणं हे त्याचं काम नाही. उपसा किती होतो ते कुणी तरी मोजल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही.

सातमाळा

चाळीसगाव तालुका, डोंगराच्या बाजूला. आमची विहीर वरून खाली सांगतो. दोन-तीन फूट काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा खडक), मग एक लाल मातीचा पातळ पट्टा, त्याखाली काळा पाषाण. झरे दोन जागी आहेत. एक मुरूम संपतो तिथे आणि दुसरा लाल पट्ट्याच्या वर. पाषाणात थेंब नाही. विहीर खणणाऱ्यांनी पाषाणात अजून सुरुंग लावायला सांगितले होते, काकांनी नाही म्हटलं आणि मांजऱ्यात आडवे बोअर मारून घेतले. त्याने फरक पडला.

विहीर ऑगस्टात काठोकाठ असते आणि संक्रांतीनंतर मोटर तासाभरात हवा ओढायला लागते. शेजाऱ्याने ४०० फूट बोअर घेतलं, नुसता धुरळा निघाला.

खडक_वाचक

तुमच्या काकांनी अगदी योग्य केलं. दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिली, तो मांजऱ्या. मधला भाग घट्ट, तो पाषाण. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात जी माती तयार झाली ती पुढच्या लाव्ह्याने भाजली, तो तुमचा लाल पट्टा. पाणी मुरूम, मांजऱ्या आणि भेगा यांतच असतं, बहुतेक वरच्या काही दहा मीटरमध्ये. म्हणून खोल जाण्यापेक्षा त्या थरात आडवं पसरणं जास्त कामाचं.

धुळे-नंदुरबारकडे अजून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. तिथे मैलोनमैल सरळ जाणाऱ्या काळ्या दगडाच्या भिंती दिसतात, काही ठिकाणी अख्खी टेकडीच रांगेत उभी. हे डाईक, म्हणजे जमिनीच्या भेगेत लाव्हा वर चढून थिजला. डाईक घट्ट असला तर जमिनीखालचा बंधारा होतो: चढाच्या बाजूच्या विहिरींना पाणी, उताराच्या बाजूला ठणठणाट. डाईकला भेगा असतील तर उलट त्याच्या कडेनेच पाणी मिळतं. एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन नशिबं दिसली की पाणाड्याला बोलावण्याआधी आजूबाजूला अशी भिंत आहे का ते बघा.

उत्तरेकडे सातपुड्याच्या पायथ्याने भ्रंश आहे, म्हणजे जिच्या एका बाजूची जमीन खचलीय अशी मोठी भेग. अडावदजवळचं उनपदेव आणि शहादा तालुक्यातलं उनपदेव, दोन्हीकडे गरम पाण्याचे झरे आहेत आणि दोन्ही त्याच पायथ्याला. खोल गेलेलं पाणी तापून भेगेतून वर येतं. गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात आणि तापी मुलताईपासून ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहते, ती याच खचलेल्या पट्ट्यातून. पट्टा खचत गेला आणि नद्या तो भरत गेल्या, म्हणून तिथला गाळ एवढा जाड.

पांझरेचा_पाट

राम राम. आमच्याकडे एक जुनं माणूस म्हणायचं, "पानी कोठे शे, ते नदीले इचारा." धाग्यात नदीचं बोलणं कमी झालं म्हणून लिहितो.

पांझरा, मोसम, आराम या नद्यांवरची फड पद्धत तीनशे-चारशे वर्षं जुनी. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे अनेकांच्या शेतांचा एक गट. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि फडाफडांत पीक फिरवायचं. पाणी वाटायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे ते पंच ठरवणार, म्हणजे कमतरता सगळ्यांनी वाटून घ्यायची. ही व्यवस्था अनेकांनी अभ्यासली, कौतुक झालं.

पण त्या बंधाऱ्यांमागे मोठा साठा नव्हताच! बंधारा बुटका, पाणी फक्त वळवण्यापुरता. मग पावसाळ्यानंतरच्या पिकाला पाणी कुठून यायचं? आजूबाजूच्या डोंगरात, मुरमात जे पावसाळ्यात मुरलं ते हिवाळाभर झिरपत नदीत येत होतं. फड त्या झिरप्यावर उभा होता. आज पांझरेकाठी प्रत्येक शेतात विहीर-बोअर आहे, तो झिरपा नदीपर्यंत पोहोचण्याआधीच उपसला जातो. वर धरणंही झाली. आता जागोजागी नदीच विहिरींना पाणी देते, आणि धरणातून आवर्तन (पाळीचं पाणी) सुटलं की पहिले दोन दिवस पाणी पात्रच पिऊन घेतं.

साक्री तालुक्यातलंच बारीपाडा बघा. चैतराम पवार आणि गावाने मिळून जंगल राखलं, त्यासाठी पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे डोंगर उतारावर पाणी धरून ठेवणारी माती आणि झाडी टिकली म्हणून खालच्या विहिरी टिकल्या. खडकाच्या मुलखात मला हेच सगळ्यात पटतं: माथ्यावर काम करा, नाल्यात जेसीबी घालायची वेळ सगळ्यात शेवटी.

शिरपूरकर

पाटदादा, तुमच्या भागापुरतं मान्य. पण जेसीबीला सरसकट नावं ठेवू नका. शिरपूर तालुक्यात भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी इथले नेते अमरीशभाई पटेलांच्या पाठबळावर २००४ पासून नाले रुंद-खोल केले, गेट नसलेले सिमेंट बंधारे बांधले. आमच्या गाळात वरची पिवळी माती इतकी घट्ट की नाल्यात पाणी महिनाभर उभं राहिलं तरी खाली उतरायचं नाही, ऊन ते पिऊन टाकायचं. ती माती फोडून वाळूपर्यंत गेलं तेव्हा पाणी खाली गेलं. आसपासच्या विहिरींना पाणी वाढलेलं आम्ही डोळ्यांनी बघितलंय. लोकांनी दुबार पिकं घेतली.

खडक_वाचक

शिरपूरकर, तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि कारणही तुम्हीच सांगितलंत: वरचा घट्ट थर फोडला, खाली वाळू होती. राज्यभर नक्कल करताना नेमकं हेच कारण मागे राहिलं. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार सुरू झालं आणि खोलीकरण जिथे तिथे झालं. खडकाच्या भागात मुरूम हाच पाणी धरणारा थर. नाला मुरूम ओलांडून पाषाणापर्यंत खोदला की दोन्ही काठांच्या विहिरींतलं पाणी नाल्यात उतरतं. नाला भरलेला दिसतो, फोटो छान येतो, आणि ते पाणी मुळात विहिरींचंच असतं. शिवाय उघड्यावर आलं म्हणून उन्हाने उडतं. सातमाळा भाऊंच्या शिवारात हे केलं तर त्यांचा पहिला झरा संपलाच समजा.

आणि गाळातही एक बाजू आहे. नुसतं मुरवत राहिलं आणि त्यावर बागा वाढत गेल्या तर पुन्हा तोच रांजण उपसायचा.

मुडावद_संगम

पांझरा तापीला मिळते तिथला मी. आमच्या भागात तापीकाठी उभ्या घळी आहेत, वर सपाट शेत आणि एकदम खाली खोल दरड. दरवर्षी पावसात बांध आत सरकतो. शेजारच्यांनी बुलडोझर लावून घळ भरली, दोन पावसांत पुन्हा उघडी पडली. याचा भूजलाशी काही संबंध आहे का?

तापीकाठ

आहे, आणि फार जवळचा. तापीने आधी गाळ टाकला आणि नंतर स्वतःच तो कापत खाली गेली. म्हणून तिचे काठ एवढे उंच. मुख्य नदी खाली गेली की तिला मिळणारा प्रत्येक ओहोळ खाली जायला बघतो आणि मागे मागे कापत शेतात शिरतो. पिवळी माती कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते, पण पाणी लागलं की विरघळल्यागत बसते. भेगांमधून आत गेलेलं पाणी मातीत बोगदे पाडतं, वरून काही दिसत नाही आणि एक दिवस छत बसतं. भरलेली माती तर भुसभुशीत, ती पहिली जाणार.

दुसरा परिणाम: नदी खोल असल्यामुळे काठच्या गाळातलं वरचं पाणी तिच्याकडे ओढलं जातं. म्हणून तापी डोळ्यांसमोर वाहत असताना काठावरची विहीर कोरडी असू शकते. लोकांना हे खरं वाटत नाही, पण काठाची उंची आणि विहिरीतली पातळी मोजून बघा.

उपाय घळीच्या तोंडाशी नाही, वरच्या शेतात आहे. बांध बंदिस्ती करा, पाणी एकाच ठिकाणाहून दगडी सांडीवरून उतरवा, कडेला गवत आणि बांबू येऊ द्या, कडेपर्यंत नांगर नेऊ नका.

गिरणामाई

वाळूवर कुणीच बोललं नाही अजून! गिरणेच्या पात्रात आम्ही लहानपणी हाताने झिरा काढायचो. कोपरभर वाळू उकरली की निवळ पाणी, वाटीने भरून घ्यायचं. आज त्याच जागी खडक उघडा पडलाय.

एका ब्रासमध्ये १०० घनफूट, म्हणजे २.८ घनमीटर वाळू. जाड वाळूत पाव भाग जरी सुटं पाणी धरलं तरी ब्रासमागे ७०० लिटर साठा होतो, आणि तो दर पुराला नव्याने भरतो, उन्हाने फारसा उडत नाही. एक ब्रास वाळू गेली की इतका साठा कायमचा गेला. पूर आला तर नवी वाळू येते म्हणतात, पण वर धरण असलं की वाळू धरणातच अडकते. पात्र खाली गेलं की काठच्या विहिरी आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीसुद्धा उघड्या पडतात. गिरणेवरच्या सात बलून बंधाऱ्यांची (फुगवून उभे करायचे रबरी बंधारे) वाट आम्ही बघतोच आहोत. ते झाले तरी खालची वाळू राहिली नाही तर पाणी नुसतं उभं राहील, काठात किती शिरेल ते सांगा मला.

खडक_वाचक

ताई, तुमचा हिशोब चोख आहे. वाळूचं अजून एक काम म्हणजे गाळणी. काठच्या विहिरीला नदीचं पाणी वाळूतून गाळूनच मिळतं. पात्रात खडक उघडा पडला की पाण्याची चवसुद्धा बदलते.

केळीबाग_रावेर

तापीच्या पुराचं पाणी जमिनीत मुरवायच्या मेगा रिचार्ज योजनेचं काय? मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने भोपाळला करार केला. खरिया गुटीघाटला बंधारा आणि सातपुड्याच्या पायथ्याने कालवे. आमच्याकडे सगळ्यांची आशा त्याच्यावर आहे. तोवर बसून राहायचं का? ज्याला परवडतं तो अजून खोल जातोय.

तापीकाठ

भाऊ, कल्पना जमिनीला धरून आहे. पुराचं पाणी बझाड्याच्या गोट्यांवर नेऊन सोडणं म्हणजे जिथे रांजणाचं तोंड आहे तिथेच ओतणं. पण आंतरराज्य काम आहे, जंगल आहे, विस्थापनाचा प्रश्न आहे, लवकर होईल असं धरून चालू नका.

खोल जाण्याबद्दल सांगायचं तर महाराष्ट्राच्या भूजल अधिनियमात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे, हे इथे किती जणांना माहीत आहे कुणास ठाऊक. आणि खाली कायम गोडंच पाणी असेल असंही नाही. चांगदेवला तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात असाच जाड गाळ आहे, पण अकोला-बुलढाण्याकडे तो खारपाणपट्टा आहे. आपल्याला गोडं पाणी मिळालं ही मोठी ठेव आहे.

तोवर तुमच्या गावापुरतं करता येण्यासारखं: ज्या गावांची शिवारं पायथ्याला आहेत त्यांनी ओढ्यांवरचे जुने पाझर तलाव जिवंत करावेत. आजोबांची बांधीव विहीर बुजवू नका. ओढ्याचं पाणी आधी एका खड्ड्यात निवळू द्या, मग गोटे-खडी-वाळूच्या गाळणीतून त्या विहिरीत सोडा. चालू ट्यूबवेलमध्ये गढूळ पाणी थेट कधीही सोडू नका, जाळी आणि आजूबाजूची वाळू बुजली की ती पुन्हा मोकळी होत नाही. शेतातल्या खताचं, फवारणीचं पाणीही नको.

सातमाळा

पाझर तलाव आमच्याकडेही आहे, पण पहिली काही वर्षं मुरला आणि आता डिसेंबरपर्यंत तसाच भरलेला दिसतो. लोक खूश आहेत, तलावाखालच्या विहिरी मात्र कोरड्या. हे काय गौडबंगाल?

खडक_वाचक

तळाला बारीक गाळाची साय बसली आहे. बोटभर जाडीची चिकणमाती अख्ख्या तलावाचं मुरणं थांबवते. मे महिन्यात तळ कोरडा झाला की तो थर खरवडून शेतात टाका, शेताला खतासारखाच आहे. पण खाली मुरूम लागला की थांबा, मुरूम उचलू नका. लोक फुकटचा मुरूम मिळतो म्हणून नेतात आणि तळ पाषाणावर नेऊन ठेवतात.

सातमाळा

मुरूम आमच्याकडेही नेलाय लोकांनी, एका कोपऱ्यात खड्डाच आहे. बाकीचा तळ शाबूत आहे. यंदा ग्रामसभेत मांडतो. खरवडण्याआधी आणि नंतर खालच्या विहिरींच्या पातळ्या मोजायच्या असतील तर कधी मोजू?

तापीकाठ

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, तुम्हीही तेच महिने धरा म्हणजे त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येईल. सकाळी मोटर लावायच्या आधी मोजा, दोरीला दगड आणि खुणेच्या गाठी पुरतात. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा. तलावाखालच्या दोन-तीन विहिरी आणि तलावाशी संबंध नसलेली दूरची एक, अशा घ्या, नाहीतर नुसत्या चांगल्या पावसाचं श्रेय तलावाला जाईल. आकडे इथेच टाका, केळीबाग भाऊंनीही रावेरचे टाकावेत.